माझ्या आवाजातली मुलगी

एसटीत माझाच आवाज मला मागच्या सीटवरून ऐकू आला, तेव्हा आधी वाटलं, आपल्याला डुलकी लागली आणि आपण झोपेत बोललो.

शाळा सुटल्यानंतरची गाडी होती, तलवाड्याहून गेवराईला जाणारी. मी तलवाड्याच्या हायस्कूलात मराठी शिकवते आणि राहते गेवराईला, त्यामुळे ही गाडी माझी रोजची. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते. तरी कंडक्टर ओळखीचा असल्यानं पुढची एक सीट मला मिळते. ओळखीचा म्हणजे, त्याची मुलगी आमच्याच शाळेत, तेव्हा नववीच्या माझ्या वर्गात होती. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला मॅडम म्हणतो, आणि उन्हाळा फार आहे, गाडी आज वेळेवर आहे, यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलेलं नव्हतं.

तर मागून आवाज आला. शुद्ध, सावकाश, माझा.

"विद्यार्थी मित्रांनो, एका वस्तूची तुलना जेव्हा दुसऱ्या वस्तूशी केली जाते, तेव्हा तिथे उपमा अलंकार होतो. उदाहरणार्थ, तिचे मुख चंद्रासारखे आहे." मग एक क्षण शांतता, आणि त्याच आवाजाचा एकदम पट्टा सुटल्यासारखं, "ए, खिडकीकडच्या. कावून दात काढायलास बे? चंद्र काय तुह्या बापाच्या बांधावर उगवलाय का?"

मागची अर्धी एसटी हसली. मी वळून बघितलं. कॉलेजातली दोन पोरं एका मोबाईलवर डोकं घालून बसली होती आणि तेच पुन्हा लावत होती. त्यांच्याशेजारी आमचे कंडक्टर भाऊ उभे होते. तिकिटाचं मशीन हातात तसंच राहिलं होतं. मला वाटलं, माझा अपमान झाला म्हणून त्यांना राग आला असावा.

ते वाकले आणि पोरांना म्हणाले, "जरा दाखव." बघितलं. मोबाईल परत दिला. मग गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, ती आमची हाय."

"कोण?"

"बोलणारी."

मला खरंच काही कळेना. आवाज तर माझा होता. मग हळूहळू उजेड पडला आणि गेवराईपर्यंत आम्ही दोघंही एकमेकांकडे बघू शकलो नाही.

घरी गेल्या गेल्या मी माझ्या मुलीला विचारलं. ती त्या वर्षी बारावीला होती आणि घरातला मोबाईलचा सगळा कारभार तिच्याकडे. तिनं लगेच रील लावून दिली. म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं.

"चार दिवस झाले फिरतेय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला कळायला नको."

रीलमध्ये माझी नववीतली विद्यार्थिनी होती. आईची साडी, माझ्यासारखीच खांद्यावर पिन लावलेली. नाकावर घसरलेला चष्मा. मागे घरातलं लोखंडी कपाट, त्यावर खडूनं "उपमा अलंकार" लिहिलेलं, खाली दोन रेघा, जशा मी ओढते तशा. लाखाच्या वर लोकांनी ते बघितलं होतं. मी इतकी वर्षं शिकवते, सगळे वर्ग एकत्र केले तरी एवढ्या लोकांनी माझा उपमा अलंकार ऐकलेला नाही.

हसू आलं का? नाही आलं. आज सांगताना येतंय. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच तांदूळ निवडत बसले.

त्याला कारण आहे. माझं माहेर पाली, बिंदुसरेच्या धरणाजवळचं. चार भावांत वाढले. भाऊ एकमेकांना "बे" म्हणायचे, मीही म्हणायची, कुणी टोकलं नाही. पुढे बी.एड.ला अंबाजोगाईला गेले. पहिल्या सरावपाठाला उभी राहिले आणि "हे चित्र बैलाचं हाय" म्हणाले. वर्गातली पोरं हसली नाहीत, माझ्याच बरोबरीच्या शिक्षिका हसल्या. पाठ तपासणाऱ्या सरांनी शेऱ्यात लिहिलं, "भाषा ग्रामीण. सुधारणा आवश्यक." मग मी सुधारणा केली. होस्टेलच्या आरशासमोर उभी राहून "आहे, आहे, नाही, नाही" असं घोकलं. ते जमलं, नोकरी लागली. आपलं आता कुणाला काही कळत नाही, अशा समजुतीत मी वीस वर्षं शिकवत होते. चिडल्यावर जिभेवरचा ताबा जातो हे मला माहीतच नव्हतं. वर्गाला माहीत होतं. आता जिल्ह्याला माहीत झालं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्यांच्याकडे रील तिघांनी पाठवली होती. "कारवाई करावी लागेल," ते म्हणाले, पण बोलताना त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं. मी म्हटलं, मला आठवडाभर विचार करू द्या. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका." आणि थोड्या वेळानं, "माझी नक्कल नाही का केली कुणी?" त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. नव्हती केली.

ती मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही. मी मात्र रोज वर्गात जायची आणि रोज शुद्ध बोलायची. अगदी कडक. पोरं टपून बसलेली असायची, आता सुटेल, मग सुटेल. मी सुटू द्यायची नाही. कुणी बडबड केली तर म्हणायची, "कृपया शांतता राखा." चौथ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं काळजीनं विचारलं, "मॅडम, तुमची तब्येत बरी न्हाई का?"

वर्गाचा जीव गेला होता. कविता वाचली तर कविता पडून राहायची. प्रश्न विचारला तर हात वर व्हायचे नाहीत. मला स्वतःलाच माझा कंटाळा यायला लागला.

आता एक गोष्ट कबूल करते. गेली पाच वर्षं मी पालकसभेत मुलांच्या मोबाईलवर भाषण देते. डोळे, मान, झोप, एकाग्रता, सगळं सांगते. आणि त्या आठवड्यात मी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागे उभी राहून दर पाच मिनिटांनी बघत होते, किती झाले, कोण काय म्हणतंय. माझ्या मुलीकडून हळूच एक खातं उघडून घेतलं होतं. माझं नाव नाही, फोटोच्या जागी जास्वंद. खाली शेकडो शेरे असायचे. बरेच चांगले होते. "आमच्या बाई अशाच होत्या." "ही बाई मला दहावीला पाहिजे होती." असलं काही वाचलं की बरं वाटायचं, मग लगेच वाटायचं, आपण काय कौतुकाला भुकेलो आहोत का. एकदा राहवलं नाही आणि मी लिहिलं, "शिक्षकांचा आदर राखावा, ही नम्र विनंती." त्याखाली कुणीतरी लगेच लिहिलं, "मॅडम, तुम्हीच का?" मी मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि घंटा व्हायच्या आतच वर्गावर गेले.

पण सगळे चांगले नव्हते. काही माझ्याबद्दल होते, ते मी सोडून दिले. मुलीबद्दलचे सोडता येत नव्हते. तिच्या रंगाबद्दल. तिच्या दातांबद्दल. शाळा सोड आणि नाचायला लाग, असंही. खात्यावर आडनाव होतं. त्यावरून काहींनी तिची वस्ती ओळखली आणि जे लिहायला हात धजावू नये, ते लिहिलं होतं. पंधरा वर्षांची मुलगी ती. वाचून झाल्यावर माझा स्वतःचा अपमान मला एकदम किरकोळ वाटायला लागला.

ती शाळेत आली तेव्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसली. माझ्याकडे बघितलं नाही. मीही काही बोलले नाही, हे माझं चुकलंच. मधल्या सुट्टीत तिचा डबा उघडलेला दिसला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "तिला भूक लागत न्हाई मॅडम. ती आजकाल काहीच बोलंना."

त्याच आठवड्यात एसटीत तिकीट देताना तिचे वडील थांबले. "मॅडम, मोबाईल कपाटात घातलाय, कुलूप लावून. आता शाळा बी बास म्हणतो मी. घरीच अभ्यास करील, दहावीला बाहेरून बसवू."

"शाळा कशाला बंद करता, भाऊ?"

"डेपोत लोकांनी मला वाचून दाखवलं," ते म्हणाले. "खाली लिहिलेलं." आणि पुढच्या माणसाकडे वळले.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. न सांगताच. गेवराईहून सकाळची तलवाड्याची गाडी धरली, सुदैवानं त्या दिवशी कंडक्टर दुसरा होता, म्हणजे भाऊ घरी होते. विहारातली वंदना नुकतीच झाली होती. मुलीची आई अजून पांढऱ्या साडीतच होती, दारात मला बघून तिच्या हातातला तांब्या कलंडला. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ सारवल्यासारखी फरशी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी निळ्या कोटातली दुसरी. आणि समोर ते कपाट. ओल्या फडक्यानं पुसलं होतं, तरी "अलंकार"मधला "अ" जरा दिसत होता.

मुलगी आतल्या खोलीतून आली, हात जोडले आणि पुस्तकातल्यासारखं म्हणाली, "मॅडम, माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दल मी दिलगिरी व्यक्त करते. यापुढे असे होणार नाही." रात्रंदिवस पाठ केलेलं असावं.

"बस," मी म्हटलं. ती उभीच राहिली.

भाऊ म्हणाले, "मॅडम, हिला मी चार वेळा विचारलं. मोबाईल कुणी धरलता? एकटीनं एवढं येत न्हाई काढता. मैत्रीण असंल तर तिचं नाव सांग. तर ही तोंडच उघडंना."

 चहाचं भांडं उतू जायला लागलं तरी आई जागची हलली नाही. मग ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मीच धरलता."

"तू?"

"मंग. चारदा काढावं लागलं. मला हसू येत हुतं, हात हालायचा."

भाऊंनी बायकोकडे अशा नजरेनं बघितलं, जणू फुकट्या प्रवाशानं स्वतःहून येऊन तिकीट मागितलंय. मला हसू फुटलं. मी आवरायचा प्रयत्न केला, पण एकदा सुटलं ते सुटलं. मुलगीही तोंडावर ओढणी धरून उभी होती, तिचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं हसतेय. मग कळलं, रडतेय.

मी तिला शेजारी बसवलं. म्हटलं, "मला एकच सांग. का केलंस?"

ती बराच वेळ बोटाला ओढणी गुंडाळत राहिली. "तुमी पुस्तकातलं बोलता तेव्हा मला लिहून घ्यावं लागतंय," ती म्हणाली. "आन् चिडल्यावर बोलता ते आपोआप ध्यानात राहतंय. उपमा मला त्या चंद्रामुळंच कळला. घरी आले की मी आईला करून दाखवायचे. आई लई हासायची. मंग आई म्हणली, टाकू का कुठं, लोकं बी हासतील."

"मग आता कर," मी म्हटलं.

"न्हाई मॅडम."

"माझ्यासमोर कर. माझी नक्कल मी अजून समोर बघितली नाही."

भाऊ म्हणाले, "कर मंग, मॅडम म्हणायल्यात तर." तिनं डोळे पुसले, आईचा चष्मा घेतला आणि कपाटापुढं उभी राहिली. सुरुवातीला आवाज फुटेना. मग फुटला. मी बघत होते. शब्द माझे होते हे मला माहीत होतं, पण बाकीचं माहीत नव्हतं. रागावण्याआधी मी खडू मनगटावर दोनदा आपटते. "उदाहरणार्थ" म्हणताना छताकडे बघते, जणू उदाहरणं तिथे टांगलेली आहेत. कुणाला ओरडून झालं की लगेच त्याच्याकडे बघत नाही, फळ्याकडे वळते, कारण मला हसू येत असतं. हे सगळं तिनं पाहिलं होतं. पन्नास मुलांच्या वर्गात मागे बसून एवढं मन लावून मला कुणी बघत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

झाल्यावर आई म्हणाली, "मोबाईलवर याच्यापेक्षा चांगलं झालतं."

चहा झाला. मग मूळ विषय. मी हळूच विचारलं, "खाली लोकांनी जे लिहिलं, ते वाचलंस का तू?"

तिनं मान हलवली आणि सांगायला लागली. एकेक. शब्दन् शब्द. कुणी काय लिहिलं, त्याच्या फोटोत काय होतं, त्याला किती जणांनी पसंती दिली. मोबाईल कुलपात होता, तिला त्याची गरजच नव्हती. ही मुलगी, जिला आठ ओळींची कविता पाठ होत नाही म्हणून मी दोनदा उभी केली होती. तिच्या डोक्यात ते सगळं क्रमानं बसलं होतं. चांगलं एकही नाही. शेकडो चांगले होते, त्यातला एकही तिला आठवत नव्हता.

भाऊ ऐकत होते. त्यांचा चेहरा बदलत गेला. "हे तुला समदं माहीत हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"मला वाटलं, तू वाचलं न्हाईस. म्हणून मोबाईल ठेवला कुलपात. तुझ्या कानावर येऊ न्हाई म्हणून शाळा बी..." 

"मला वाटलं, तुमाला माहीत न्हाई," ती म्हणाली. "तुमाला कळलं तर तुमी डेपोत कसं जाताल, म्हणून मी बोलले न्हाई."

दोघंही इतके दिवस एकाच घरात एकमेकांपासून तेच लपवत बसले होते. आईनं पदर डोळ्याला लावला. मीही चष्मा काढून पुसला. शेवटी भाऊच बोलले. "हिनं वाचलंच असंल तर मंग शाळा बंद करून काय उपेग?" हिशेब अगदी सरळ होता. सोमवारपासून ती शाळेत, हे तिथेच ठरलं.

मोबाईलचं ठरायला जास्त वेळ लागला. माझ्या मुलीनं मला शिकवून पाठवलं होतं, की खाली लिहायची सोय बंद करता येते. मी मोठ्या ज्ञानानं ते सांगितलं. भाऊंची मुलगी म्हणाली, "मंग चांगलं बी येणार न्हाई." जास्वंदीच्या फुलामागे बसून मीही तेच शोधत होते. शेवटी तोडगा आईनं काढला. मोबाईल तिचाच होता, शिवणकामाच्या ऑर्डरी घ्यायला घेतलेला. ती म्हणाली, "आधी मी वाचीन. वंगाळ दिसलं की पुसून टाकीन. राहिलेलं हिनं वाचायचं. रविवारी, जेवल्यावर."

"तुला येतंय का पुसायला?" भाऊंनी विचारलं.

"काढायला आलं, तर पुसायला येणार न्हाई का?"

मी निघाले तेव्हा मुलगी एसटी स्टँडापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "मॅडम, ते जास्वंदीचं फूल तुमीच ना?"

मी उडालेच. "कशावरून?"

"तुमी स्वल्पविराम दिलता. आन् शेवटी पूर्णविराम बी. तिथं कुणीच देत न्हाई."

आईनं काम चोख केलं. बोट ठेवून एकेक ओळ वाचायची आणि पुसायची. एका गड्यानं काहीतरी घाण लिहिलं होतं, त्याला तिनं पुसण्याआधी उत्तर दिलं, "तुमच्या आईचा नंबर द्या, त्यांना हे वाचून दाखवायचे आहे." त्यानं स्वतःच लिहिलेलं काढून टाकलं. ही गोष्ट भाऊंनी मला एसटीत सांगितली, आणि मग पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितली.

मुख्याध्यापकांना मी लिहून दिलं की माझी तक्रार नाही. त्यांनी तरी प्रार्थनेच्या वेळी तिला माफी मागायला लावली. तिनं शुद्ध मराठीत मागितली. सगळी शाळा कान टवकारून उभी होती, काही मजेशीर होईल म्हणून. काही झालं नाही तेव्हा मागच्या रांगेतून निराशेचा उसासा आला.

मीही वर्गात कडकपणा सोडला. ठरवून नाही. एका मुलानं "समास" शब्दाचा अर्थ "समोसा खाणारा" असा सांगितला आणि माझं जे काही सुटलं, ते सुटलं. वर्ग हसला. मी मागच्या बाकाकडे बघितलं, ती वहीत काहीतरी लिहून घेत होती. अभ्यास की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

मग दुसरी रील आली, या वेळी माझ्या परवानगीनं. संधी प्रकरण. आधी मला करून दाखवली, मी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, "इथे मी एवढी ओरडत नाही" वगैरे. ती म्हणाली, "ओरडता." तसंच राहू दिलं. रविवारी दुपारी टाकली. मी जेवून लगेच मोबाईल घेऊन बसले. माझ्या मुलीनं नुसतं बघितलं माझ्याकडे.

कुणीच बघितली नाही. म्हणजे बघितली, आमच्या शाळेनं, त्यांच्या नातेवाइकांनी, माझ्या चार भावांनी. संपलं. लाख-बिख काही नाही. तिसरी टाकली, तिला आणखी कमी. तेव्हा तिचा चेहरा असा पडला, की घाणेरडं वाचतानाही तेवढा पडला नसेल. "मॅडम, लोकं कुठं गेले?" तिनं मला व्हरांड्यात गाठून विचारलं. "मी तर पहिल्यापेक्षा चांगलं केलतं."

होतंच चांगलं. मला तिला काहीतरी समजुतीचं सांगायचं होतं, शिक्षिका म्हणून ते माझं कामच. पण मलाही वाईट वाटलं होतं. महिनाभर मी एका परीनं प्रसिद्ध होते आणि आता नव्हते. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. मीही शोधत होते." तिला ते बरं वाटलं असावं, कारण ती जरा हसली. त्या दिवशी आम्ही दोघींनी व्हरांड्याच्या कठड्यावर बसून तिचा डबा खाल्ला. बाजरीची भाकरी आणि वांगं. वांगं तिखट होतं, तिच्या आईसारखं.

सहामाहीत तिला मराठीत बरे मार्क पडले, गणितात नाही. गणिताचे सर म्हणाले, "तिनं माझी नक्कल केली असती तर गणितही आलं असतं." मी त्यांचा निरोप तिला पोचवला. तिनं खरोखर प्रयत्न केला. पण सर बोलतच इतकं कमी, की नक्कल करायला काही सापडेना. रीलचं खातं हळूहळू झोपी गेलं. कुणी बंद केलं नाही. दहावीचं वर्ष लागलं, जादा तास सुरू झाले, आईला लग्नसराईच्या ब्लाउजांचं काम आलं, आणि रविवारची दुपार झोपेत जायला लागली. कधी कधी आठ-पंधरा दिवसांनी आई उघडून बघायची, पुसण्यासारखं काही आहे का. नसायचं.

दहावी ती चांगल्या मार्कांनी पास झाली. अकरावीला अंबाजोगाईला घातलं, कला शाखेला, होस्टेलवर. भाऊंनी मला विचारून ठरवलं. सोडायला गेले तेव्हा म्हणे ती वर्गात पहिल्याच दिवशी प्राध्यापकांना "सर, ते पुन्हा एकदा सांगा, हळू" म्हणाली. भाऊंना याचं फार कौतुक.

गेल्या दिवाळीत ती गेवराईला माझ्या घरी आली. सुटीत आली होती, कसल्यातरी शिष्यवृत्तीच्या अर्जाला माझी शिफारस हवी होती. उंच झालेली, वेणीच्या जागी सैल बुचडा. स्वतःचा मोबाईल आता तिच्याकडे होता. तो तिनं बसता बसता पालथा ठेवला. मी चकल्यांची ताटली पुढे केली. होस्टेलच्या गमती सांगत होती. तिथल्या बाई कशा चालतात, कुलूप लावताना तीनदा कसं ओढून बघतात, हे सांगता सांगता उठून करूनही दाखवलं. माझी मुलगी हसून हसून बाकावरून घसरली.

"तिथल्या मुलींना तुझं ते खातं माहीत आहे का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "सांगितलं न्हाई अजून."

"का गं? लाखभर लोकांनी बघितलंय."

तिनं चकलीचा तुकडा मोडला. "सांगीन," ती म्हणाली. "पण तिथं मला अजून कुणी ओळखत न्हाई. आधी जरा ओळख होऊ द्या मॅडम."

मी अर्जावर शिफारस लिहून दिली. तिनं ती वाचली, दोनदा, आणि एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं की "कष्टाळू" बरोबर आहे का, आणखी चांगला शब्द नाही का. मी शब्द बदलून "निरीक्षणक्षम" लिहिला. तो तिला पसंत पडला. मग आणखी दोन चकल्या कागदात बांधून घेऊन ती पाचच्या गाडीला निघाली.